ट्रोपोनिन ओळखणारे प्रकाशाचे सेन्सर: तालुक्याच्या दवाखान्यात कधी पोचणार?

गोदाकाठची_रेवा
नमस्कार मंडळी, व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय की आता रक्ताच्या एका थेंबावर लाईट मारला की हार्ट अटॅक कळणार, लॅबची गरजच नाही वगैरे. त्यात थोडं खरं आहे आणि बरंच अर्धवट आहे. माझा स्वतःचा अभ्यास ऑप्टिकल फायबरच्या सेन्सरवर चालू आहे, नाशिकमध्येच फिजिक्स शिकवते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं. इथे डॉक्टर आहेत, लॅबवाले आहेत, सातपूर-अंबडचे इंजिनियर आहेत, सगळ्यांनी भर घाला, कुठे खोडायचं असेल तर खोडा.

आधी शोधायचंय काय ते. हृदयाच्या स्नायूत ट्रोपोनिन नावाचं प्रोटीन असतं, त्याचे तीन भाग, सी, आय आणि टी. त्यातले आय आणि टी हे हृदयातले वेगळे आणि हातापायाच्या स्नायूंतले वेगळे, म्हणून हृदयातले ते दोन रक्तात वाढलेले दिसले की हृदयाच्या पेशींना इजा झालीय असं समजतं. पूर्वी सीके-एमबी आणि मायोग्लोबिन ही स्नायूंतली दुसरी प्रोटीनं बघायचे. मायोग्लोबिन एक ते तीन तासात वाढतं, म्हणजे लवकर कळतं, पण जिना उतरताना पडून पायाला जबर मार लागला तरी तेही वाढतं, मग त्यावरून हृदयाचं काय सांगणार.

आता प्रकाश कुठे येतो. काचेवर सोन्याचा साधारण ५० नॅनोमीटरचा थर द्यायचा, काचेच्या बाजूने त्यावर प्रकाश टाकायचा, एका ठराविक कोनात सोन्यातले इलेक्ट्रॉन एकत्र डोलायला लागतात आणि प्रकाशाची ऊर्जा तिकडे जाते, परत येणारा प्रकाश एकदम मंदावतो. याला सरफेस प्लाझमॉन रेझोनन्स म्हणतात, थोडक्यात एसपीआर. तो कोन कुठला हे सोन्याला अगदी लागून असलेल्या एक-दोनशे नॅनोमीटरच्या भागात काय आहे त्यावर ठरतं. तिथे ट्रोपोनिनला पकडणाऱ्या अँटीबॉडी बसवून ठेवल्या, आणि रक्तातलं ट्रोपोनिन येऊन त्यांना चिकटलं, की कोन किंचित सरकतो, तो मोजायचा. हे नवीन नाहीये बरं का. स्वीडनमध्ये लीडबर्ग, नायलँडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी १९८३ मध्ये हे दाखवलं आणि १९९० मध्ये बायाकोर नावाचं याच तत्त्वावरचं मशीन बाजारात आलं.

मग इतक्या वर्षात आपल्या पेठ तालुक्याच्या दवाखान्यात ते का नाही पोचलं, यावर मला बोलायचंय.

सातपूर_ट्रान्सड्यूसर
रेवाताई मस्त विषय. मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला, आमच्याकडे प्रेशर आणि लेव्हलचे सेन्सर बनतात. माझा सरळ प्रश्न, सोनं महाग म्हणून अडतंय का? की लेझर, प्रिझम, ते कोन मोजायचं यंत्र?

गोदाकाठची_रेवा
दादा सोन्याने अजिबात अडत नाही. ५० नॅनोमीटरचा थर एका चौरस सेंटीमीटरवर दिला तर सोनं लागतं ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास. कोन मोजणंही आता सोपं झालंय, आणि प्रिझम नको असेल तर फायबर आहे. फायबरचा तुकडा इंग्रजी यू सारखा वाकवायचा, वाकलेल्या ठिकाणी आतला प्रकाश बाहेरच्या द्रवात थोडा डोकावतो, तिथे अँटीबॉडी बसवायच्या. एका टोकाला साधा हिरवा एलईडी, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा फोटोडायोड. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि आयआयटी मद्रासमध्ये या वाकवलेल्या फायबरवर चांगलं काम झालेलं आहे. म्हणजे प्रकाशाची बाजू तुमच्यासारख्या माणसाला सातपूरमध्ये बसून जमेल अशी आहे.

अडतंय ते रक्तापाशी.

हिशोब बघा. हाय-सेन्सिटिव्ह, म्हणजे अगदी सूक्ष्म प्रमाणही मोजणाऱ्या तपासणीत ट्रोपोनिन टीची वरची मर्यादा १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर धरतात, निरोगी माणसांपैकी ९९ टक्के लोक याच्या खाली असतात. या पातळीला एका मायक्रोलीटर रक्तद्रवात ट्रोपोनिनचे साधारण सव्वादोन लाख रेणू असतात. सव्वादोन लाख ऐकायला भरपूर वाटतात ना? त्याच मायक्रोलीटरमध्ये अल्ब्युमिन या रक्तातल्या नेहमीच्या प्रोटीनचे रेणू इतके असतात की एका ट्रोपोनिनमागे दीडशे कोटींच्या वर अल्ब्युमिन पडतात. अख्ख्या भारताच्या लोकसंख्येत एक माणूस शोधायचा, तोही गर्दी हलत असताना, आणि एसपीआरला चेहरा दिसत नाही, पृष्ठभागावर काहीतरी आलं एवढंच दिसतं. अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन, काहीही सोन्यावर जाऊन बसलं तरी कोन सरकतोच.

म्हणून संशोधनाच्या पेपरात जेव्हा लिहिलेलं असतं की अमुक सेन्सरने इतकं सूक्ष्म ट्रोपोनिन पकडलं, तेव्हा मी पहिल्यांदा बघते की ते कशात पकडलं. मिठाच्या पाण्यासारख्या बफरमध्ये पकडलं असेल तर मला त्यात फार रस नाही. रुग्णाच्या रक्तात, इतर आजार असलेल्या माणसांच्या रक्तात, किडनीच्या पेशंटच्या रक्तात पकडलं का ते सांगा.

डॉ_वाघाड
दिंडोरी भागात प्रॅक्टिस करतो, एमडी मेडिसिन. रेवाताईंनी सुरुवात छान केलीय पण गाडी पुढे जायच्या आधी एक गोष्ट ठळक सांगतो कारण हा धागा कोणीतरी रात्री छातीत दुखत असताना वाचेल.

छातीत दुखतंय, जबडा किंवा डावा हात दुखतोय, दरदरून घाम फुटलाय, तर पहिली तपासणी ट्रोपोनिन नाही, ईसीजी. तो दवाखान्यात पाय ठेवल्यापासून १० मिनिटांत व्हायला हवा. ईसीजीच्या रेघेतला एसटी म्हणतात तो भाग वर उचललेला दिसला तर ट्रोपोनिनच्या रिपोर्टसाठी एक मिनिट थांबायचं नाही. १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होऊ शकेल अशा ठिकाणी पोचता येत असेल तर तिकडे पाठवायचं, नाहीतर गाठ विरघळवणारं इंजेक्शन जवळच द्यायचं. सुरगाण्याच्या आतल्या पाड्यावरून पावसाळ्यात नाशिक गाठायला किती वेळ जातो हे तिकडच्या लोकांना विचारा.

बायकांमध्ये आणि डायबेटिसवाल्यांमध्ये तर छातीत दुखेलच असं नाही, नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, आणि घरात सगळे म्हणतात ॲसिडिटी आहे, सोडा घे, ओवा खा, सकाळी बघू. ही सकाळ फार महागात पडते.

मग ट्रोपोनिन कोणासाठी? ज्याचा ईसीजी साधा दिसतोय किंवा धड कळत नाहीये पण त्रास खरा आहे, त्याच्यासाठी. अशा लोकांची संख्या मोठी असते आणि त्यांना घरी पाठवायचं की नाशिकला हे ठरवताना आम्हा लोकांचा खरा कस लागतो.

जेलरोड_काका
डॉक्टरसाहेब नमस्कार. मी करन्सी नोट प्रेसमधून रिटायर झालो, गेल्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली. मला तेव्हापासून एक शंका आहे ती विचारतो. मी दुखायला लागल्यावर लगेच गेलो होतो, पहिला ट्रोपोनिन रिपोर्ट नॉर्मल आला, तरी त्यांनी मला सोडलं नाही, तीन तासांनी परत रक्त घेतलं आणि तेव्हा वाढलेला आला. मुलगा म्हणत होता की पहिली लॅब चुकली असणार. खरंच चुकली होती का?

डॉ_वाघाड
काका, कोणी चुकलं नव्हतं, आणि तुम्हाला थांबवून ठेवलं हे फार योग्य केलं त्यांनी. पेशीला इजा झाली की ट्रोपोनिन लगेच धबाधबा रक्तात येत नाही, त्याला वेळ लागतो. दुखणं सुरू होऊन तासभरच झाला असेल तर रक्तात अजून पुरेसं उतरलेलंच नसतं. म्हणून दोनदा बघायचं आणि दोन आकड्यांतला फरक बघायचा. युरोपच्या कार्डिओलॉजी सोसायटीच्या पद्धतीत हाय-सेन्सिटिव्ह तपासणी असेल तर पहिल्यांदा आणि मग एक तासाने किंवा दोन तासांनी बघतात, काही ठिकाणी तीन तासांनी. एकाच तपासणीवर सुट्टी द्यायची तर दुखणं सुरू होऊन तीन तास उलटलेले हवेत आणि आकडाही अगदीच खाली हवा.

चढलेलं ट्रोपोनिन मग आठवडाभर, कधी त्याहून जास्त रेंगाळतं. किडनी फेल असलेल्यांमध्ये ते कायमच थोडं वर असतं, फुप्फुसात गाठ गेली तरी वाढतं, हृदयाच्या स्नायूला व्हायरल सूज आली तरी वाढतं. २०१८ च्या जागतिक व्याख्येतही हेच आहे, नुसता आकडा वर असणं म्हणजे हृदयाला इजा, अटॅक म्हणायला आकड्याची चढउतार हवी आणि सोबत लक्षणं किंवा ईसीजीतला बदल असं काहीतरी हवं.

रेवाताई, म्हणून माझी सेन्सरवाल्यांकडून अपेक्षा वेगळी आहे. मला एकदाच हो-नाही सांगणारी वस्तू नको. मला आकडा देणारी, आणि तासाभराने परत तितक्याच विश्वासाने आकडा देणारी वस्तू हवी.

पेठकर
पेठ तालुक्यात लॅब टेक्निशियन आहे. डॉक्टर साहेब तुमचं म्हणणं पटलं पण आमच्याकडं काय आहे ते सांगतो, कार्ड आहे. प्रेग्नन्सी टेस्टसारखंच, तीन थेंब टाकायचे, पंधरा मिनिटात लाल रेघ आली तर पॉझिटिव्ह. बऱ्याच कार्डांच्या पाकिटावर कटऑफ, म्हणजे ज्याच्या वर पॉझिटिव्ह धरायचं तो आकडा, ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिली लिहिलेला असतो. आता ताईंनी वर १४ लिहिलं तर आमच्या इथला एक पोरगा म्हणला की आपलं कार्ड तर ०.५ ला पकडतं म्हणजे जास्त भारी आहे. मी त्याला सांगितलं अरे ते मिलीला आहे आणि हे लिटरला आहे. ०.५ प्रति मिली म्हणजे ५०० प्रति लिटर!! लोकांनी हे नीट वाचा, एकक बघितल्याशिवाय आकडा वाचू नका.

आणि फिकट रेघ आली की भांडणं. एक म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही, ट्यूबलाईट खाली धरून बघा, मोबाईलच्या उजेडात बघा. रात्री सावळ घाटातून पेशंट पाठवायचा का नाही ते त्या फिकट रेघेवर.

गोदाकाठची_रेवा
पेठकर दादा, एककाचं लिहिलंत ते फार मोलाचं आहे. कार्डं बहुतेक ट्रोपोनिन आयची असतात आणि मी लिहिलेला १४ हा टीचा, त्यामुळे आकडे एकास एक ताडून बघता येत नाहीत, पण कार्डाची मर्यादा कितीतरी वर आहे हे खरंच.

आणि गंमत बघा, ती लाल रेघ सुद्धा प्लाझमॉनचीच. कार्डात सोन्याचे नॅनोकण असतात, इतके बारीक सोनं पिवळं दिसत नाही, लाल दिसतं, कारण ते ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषून घेतं. डोळ्यांऐवजी एक एलईडी आणि एक डिटेक्टर त्या रेघेवर लावला तर फिकट रेघेचं भांडण संपतं आणि आकडा मिळतो. असे रीडर आहेतच. पण कार्डाची केमिस्ट्री जेवढं पकडते त्याच्या पलीकडे रीडर जाऊ शकत नाही.

सातपूर_ट्रान्सड्यूसर
मी दोन दिवस यावर वाचत होतो. रेवाताई मला एक अडचण दिसतेय, तुमचा हिरवा एलईडी ५२० ते ५३० च्या आसपास, आणि हिमोग्लोबिन ५४० आणि ५७५ च्या आसपास जोरात शोषतं. म्हणजे रक्त थोडं फुटलेलं असेल, लाल पेशी फुटून द्रव गुलाबी झाला असेल, तर सेन्सरला वाटणार सोनं जास्त आलं. शिवाय एलईडीचा उजेड तापमानाने घसरतो, नाशिकच्या डिसेंबरात पहाटे आणि पेठच्या मे महिन्यात दुपारी एकच एलईडी सारखा नाही वागणार. आम्ही प्रेशर सेन्सरमध्ये हेच तर वर्षानुवर्ष भोगतोय.

गोदाकाठची_रेवा
अगदी नेमकं पकडलंत. तापमानाचं उत्तर तुम्हाला माहितीच आहे, त्याच एलईडीचा प्रकाश दुसऱ्या रिकाम्या फायबरमधून नेऊन संदर्भ म्हणून मोजायचा आणि दोघांचं गुणोत्तर घ्यायचं. हिमोग्लोबिनसाठी रक्ताच्या पेशी आधी गाळून काढायच्या, आणि मोजायच्या आधी पृष्ठभाग धुवायचा. आता धुवायचं म्हटलं की पंप आला, व्हॉल्व्ह आला, टाकाऊ द्रवाची टाकी आली, आणि खिशातलं यंत्र टेबलावर गेलं. यात बरेच प्रोजेक्ट अडकतात.

दुसरी अडचण वेळेची. ट्रोपोनिनचे रेणू इतके विरळ की ते आपोआप तरंगत पृष्ठभागापर्यंत यायची वाट बघितली तर पेशंट तिथेच बसून राहील. सेन्सर कितीही नाजूक असला तरी रेणू पोचलाच नाही तर तो काय मोजणार.

या दोन्ही अडचणींवर मला सगळ्यात आवडलेला उपाय सांगते. सीमेन्सचं ॲटेलिका व्हीटीएलआय म्हणून हातात मावणारं यंत्र आहे, मूळ तंत्र फिलिप्सचं. त्यात अँटीबॉडी लावलेले चुंबकीय बारीक कण रक्तात सोडतात, ते थेंबभर फिरून ट्रोपोनिन गोळा करतात. मग खालून चुंबक चालू, सगळे कण पृष्ठभागावर ओढले जातात, ज्यांच्याकडे ट्रोपोनिन आहे ते तिथल्या दुसऱ्या अँटीबॉडीला चिकटतात. मग वरून चुंबक, मोकळे कण परत वर खेचले जातात. म्हणजे धुण्याचं काम चुंबकाने केलं, पंप नाही की पाणी नाही! उरलेले कण मोजायला खालून प्रकाश टाकतात, तो पृष्ठभागावरून पूर्ण परावर्तित होतो आणि जिथे कण बसलाय तिथे तेवढा कमी होतो. बोटाच्या थेंबावर हाय-सेन्सिटिव्ह ट्रोपोनिन आय, ८ मिनिटांत. दोन्ही अडथळे एकाच युक्तीने काढलेत, मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच उठून कोणाला तरी सांगावंसं वाटलं होतं.

सिडकोकर_मनू
वाचतेय सगळं, खूप छान धागा. दोन प्रश्न. माझ्या घड्याळात मागे हिरवा लाईट लुकलुकतो, ते घड्याळ हे करू शकेल का पुढे? आणि दुसरं, आमच्या सोनोग्राफीवाल्या मॅडम म्हणाल्या केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्ताच्या तपासणीआधी सांगा. त्याचा इथे काही संबंध आहे का

गोदाकाठची_रेवा
मनू, तो हिरवा लाईट नाडी मोजतो, प्रत्येक ठोक्याला कातडीखालचं रक्त वाढतं-कमी होतं त्यावरून. ट्रोपोनिन त्याला अजिबात दिसत नाही. कुठलंही घड्याळ ठीक म्हणतंय म्हणून छातीतलं दुखणं अंगावर काढायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांग. मनगटावरून इन्फ्रारेड प्रकाशाने ट्रोपोनिन वाढलंय का याचा अंदाज घेणाऱ्या यंत्राचा एक अभ्यास २०२३ मध्ये आलाय, पण तो आधीच हॉस्पिटलमध्ये दाखल असलेल्या हृदयरोग्यांवर होता. रस्त्याने चालणाऱ्या माणसावर ते कसं वागेल हे त्यातून ठरत नाही. मी त्याकडे आशेने बघतेय पण त्यावर आत्ताच विसंबणार नाही.

बायोटिनचा संबंध अगदी थेट आहे. बऱ्याच लॅबच्या तपासण्यांत अँटीबॉडी पृष्ठभागाला बांधायला बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाच्या प्रोटीनची जोडी वापरतात, कारण ती फार घट्ट बसते. रक्तातच बाहेरून घेतलेलं बायोटिन भरपूर असेल तर ते आधी जाऊन जागा अडवतं आणि ट्रोपोनिन आहे त्यापेक्षा कमी दिसतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा दिला, त्यात अशा खोट्या कमी आलेल्या ट्रोपोनिनशी जोडलेल्या एका मृत्यूचा उल्लेख होता. शरीराला रोज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास लागतं आणि केसांच्या गोळ्यांत ५ नाहीतर १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे शेकडो पट. सगळ्याच मशीनवर हा परिणाम होत नाही, आणि आता काही तपासण्या त्यासाठी सुधारल्याही आहेत, पण डॉक्टरांना सांगायचं हे नक्की.

डॉ_वाघाड
बायोटिनचं प्रत्येकाने लक्षात ठेवा, पेशंट ही गोष्ट आपणहून कधीच सांगत नाहीत कारण त्यांना ते औषध वाटतच नाही.

ॲम्ब्युलन्सचं सुचवतो. नेदरलँड्समध्ये आर्टिका नावाच्या अभ्यासात कमी धोक्याच्या रुग्णांचं ट्रोपोनिन ॲम्ब्युलन्समध्येच बघितलं, कमी आलं तर हॉस्पिटलमध्ये न नेता त्यांच्या फॅमिली डॉक्टरकडे सोपवलं, खर्च कमी झाला आणि नंतरचे धोकेही कमीच राहिले. आपल्याकडे १०८ मध्ये हे तसंच्या तसं उचलून चालणार नाही कारण तिथे मागे फॅमिली डॉक्टर भक्कम उभा असतो. आपल्याकडे उलट बाजूने उपयोग आहे, ईसीजी साधा पण ट्रोपोनिन चढतंय, तर ग्रामीण रुग्णालयात रात्रभर ठेवू नका, लगेच हलवा. २०२७ च्या सिंहस्थात त्र्यंबक आणि रामकुंडाच्या बाजूला इतकी वयस्क माणसं चालत येणार आहेत, तिथल्या तात्पुरत्या दवाखान्यांत ईसीजी प्रत्येक ठिकाणी हवाच, आणि आकडा देणारं छोटं ट्रोपोनिन यंत्र मोजक्या ठिकाणी तरी असावं असं माझं स्पष्ट मत आहे.

सातपूर_ट्रान्सड्यूसर
मग किमतीचं काय? सोनं नाही, एलईडी नाही, तर पैसे जातात कुठे?

गोदाकाठची_रेवा
अँटीबॉडीत, आणि प्रत्येक पट्टी दुसरीसारखीच निघेल याची खात्री करण्यात. हाय-सेन्सिटिव्ह म्हणवून घ्यायला ९९ टक्क्यांच्या त्या मर्यादेपाशी परत परत मोजल्यावर फरक १० टक्क्यांच्या आत हवा, शिवाय निम्म्याहून जास्त निरोगी लोकांतही आकडा दिसला पाहिजे. एक सेन्सर असा बनवणं पीएचडीत होतं. दहा हजार एकसारखे बनवायचे, ते उन्हातून टेम्पोने पेठला न्यायचे आणि सहा महिन्यांनी फोडून वापरल्यावरही तेच उत्तर यायला हवं, हे कारखान्याचं काम आहे, तुमच्यासारख्यांचं. खरं सांगते, प्रयोगशाळेत आणखी एक नवा चमकदार सेन्सर बनवण्यापेक्षा आहे तो टिकाऊ करण्यावर पैसा आणि माणसं लागली पाहिजेत. विद्यार्थ्यांना हे काम कमी प्रतिष्ठेचं वाटतं आणि मला त्याचा फार त्रास होतो.

पेठकर
ताई, डॉक्टर, एक शेवटचं विचारतो. यंत्र येईल तेव्हा येईल, तोवर जिल्ह्याला सॅम्पल पाठवतो तेव्हा काय काळजी घेऊ? पहिलं सिरम (रक्त गोठल्यावर वर राहतो तो द्रव) पाठवलं आणि दुसरं हेपॅरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या नळीत गेलं तर चालतं का?

डॉ_वाघाड
शक्यतो नाही. दोन्ही वेळेस एकाच प्रकारची नळी, एकच पद्धत, जमलं तर एकच मशीन, नाहीतर आकड्यातला फरक पेशंटचा की नळीचा हे सांगता येत नाही. एकदा कार्ड आणि एकदा मशीन अशी तुलना तर करूच नका. आणि सॅम्पलवर फक्त रक्त घेतल्याची वेळ नको, दुखणं कधी सुरू झालं ती वेळ लिहा. ती नसली की आम्हाला आकड्याचा अर्थ लावता येत नाही, आणि दहातल्या बहुतेक चिठ्ठ्यांवर ती नसतेच.

पेठकर
बरं. रजिस्टरमध्ये तसा रकानाच नाहीये, उद्या सकाळी पट्टीने आखून घेतो.

डॉ_वाघाड
त्याच्याच शेजारी ईसीजी काढल्याची वेळ पण घ्या.